आमिषाचा इतिहास : 'मानसोल्लास' ते पांढरकवडा

मराठी वृत्तपत्रांत 'आमिष' हा शब्द बहुधा वाईट संगतीतच भेटतो. नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष, जादा व्याजाचे आमिष. अनेकदा तर 'खोटे आमिष' असेही छापले जाते आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण आमिष म्हटले की ते खोटेच असणार असे आपण गृहीत धरलेले असते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. शाकाहारासाठी 'निरामिष' हा शब्द आजही कोशात आणि क्वचित लेखनातही आढळतो. मांसापासून भक्ष्य, भक्ष्यापासून गळाला लावलेला घास आणि घासापासून प्रलोभन, असा या शब्दाचा प्रवास झाला. संस्कृतात हे अर्थ एकमेकांशेजारी नांदत होते. मराठीने व्यवहारात शेवटचा तेवढा ठेवला. त्या निवडीत एक गोष्ट नजरेआड झाली. गळावरचा घास खरा असतो. मासा फसतो तो घासाबद्दल नव्हे, घासाच्या आत काय दडले आहे त्याबद्दल.

खऱ्या घासाऐवजी घासाची नक्कल वापरावी, हे माणसाला सुचले कधी? ती नक्कल कोणाच्या सोयीची होती? आणि नक्कल वापरणारा पुन्हा जिवंत आमिषाकडे का वळतो? वरवर पाहता हे प्रश्न गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांचे आहेत. पण ज्या भाषेत 'गळाला लागणे' हा रोजचा वाक्प्रचार आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांनाही ते परके वाटू नयेत.

मराठीच्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' ठाऊक असतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ.स. ११२६ ते ११३८) याच्या या ग्रंथात आहे, आणि ओवीच्या इतिहासाची चर्चा त्यावाचून सहसा होत नाही. ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९च्या सुमाराचा. त्याचे पाच भाग असून प्रत्येक भागात वीस प्रकरणे आहेत. चौथा भाग राजाच्या विनोदांचा, म्हणजे मन रमवण्याच्या प्रकारांचा. हत्तीघोड्यांचे खेळ, मल्लांच्या कुस्त्या, कोंबड्यांच्या, मेंढ्यांच्या आणि रेड्यांच्या झुंजी, मग कुत्री, मग ससाणे; त्यानंतर चौदावा विनोद माशांचा, पंधरावा मृगयेचा आणि सोळावा गीताचा. ओवी ज्या गीतविनोदात आहे त्याच्या दोनच दारे अलीकडे मत्स्यविनोद आहे. आपण ओवी घेऊन परततो. हे दार सहसा उघडत नाही.

हा ग्रंथ यवतमाळच्या वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. पुसद तालुक्यातील डोंगरगाव येथे शके १०३४, म्हणजे इ.स. १११२चा एक शिलालेख सापडला असून त्याचे संपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आहे. लेख परमार घराण्यातील जगद्देवाच्या काळचा. भोजाच्या वंशातला हा राजपुत्र माळवा सोडून कुंतलाधिपतीच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला आला होता. विक्रमादित्य हा सोमेश्वराचा पिता. पैनगंगेच्या काठचा हा मुलूख 'मानसोल्लास' लिहिणाऱ्या घराण्याच्या छायेत होता, एवढे तरी या लेखावरून निश्चित म्हणता येते.

मत्स्यविनोदाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष गेले तेही साहित्याच्या वाटेने नव्हे. ग्रंथाचे संपादन ग. कृ. श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत केले. पहिला खंड १९२५ साली निघाला, दुसरा १९३९ साली. मत्स्यविनोदावर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला तो सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने, १९५१ साली. नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी २००५ साली या प्रकरणाचा पुन्हा सविस्तर अभ्यास केला. राजाने समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या सुमारे पस्तीस जातींच्या माशांची नोंद केली आहे. खवले असलेले आणि नसलेले, लहान, मध्यम आणि मोठे अशी त्यांची वर्गवारी आहे. दोर कशाचा वळावा, गळ कसा असावा, काठी कशी असावी, हे सांगितले आहे. आणि या सगळ्याच्या जोडीला कोणत्या माशाला काय खाऊ घालावे याचे नियम आहेत.

हा शेवटचा भाग विचार करण्याजोगा आहे. राजाच्या गळाला लागण्याआधी मासा राजाच्या हातचे खातो. त्याला चारा घालून पोसायचे, एका जागेची सवय लावायची आणि मग त्याच अन्नात गळ लपवायचा. फसवणुकीच्या आधी दीर्घकाळ चाललेले खरेखुरे पोषण आहे. येथे बनावट घासाला स्थान नाही, कारण त्याची गरजच नाही. राजाजवळ अन्न भरपूर आहे आणि वेळही.

ज्याच्याजवळ या दोन्ही गोष्टी नसतात त्याचे चित्र संस्कृत साहित्यात अन्यत्र आहे. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात धीवराला पकडून आणतात. रोहित माशाच्या पोटात मिळालेली राजाची अंगठी त्याच्याजवळ सापडलेली असते. जाळे, गळ अशा साधनांनी आपण कुटुंब पोसतो, असे तो प्राकृतात सांगतो. त्यावर राजाचे शिपाई त्याच्या धंद्याच्या पावित्र्याची टिंगल करतात. मग धीवर त्यांना सुनावतो की जन्मासोबत आलेले काम निंद्य म्हणून टाकता येत नाही, आणि यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने कोमलच असतो. एकच गळ, राजाच्या हातात तो विनोद आहे, धीवराच्या हातात त्याला खुलासा द्यावा लागतो. 'धीवर' हा शब्द पुस्तकात राहिलेला नाही. विदर्भात तो 'ढीवर' होऊन एका समाजाचे नाव म्हणून जिवंत आहे, आणि भोयांप्रमाणे हा समाज आजही नदी-तलावांशी बांधलेला आहे.

तिसरी बाजू माशाची. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मासा आहे. गळाच्या टोकावरच्या घासापायी तो प्राण गमावतो. त्याच्यापासून घ्यायचा धडा रसनाजयाचा. बाकीची इंद्रिये उपवासाने आटोक्यात येतात, जीभ मात्र उपवासाने अधिकच खवळते, असे तेथील विवेचन आहे. एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवत-टीकेतून हा मासा मराठीत आला. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते, आणि दत्ताचे माहूर पैनगंगेच्या दक्षिण तीराकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी सीमेवर आहे. माशाला गुरू मानणाऱ्या या परंपरेने माशाला मूर्ख म्हटले नाही, हे येथे महत्त्वाचे. त्याचा दोष अज्ञानाचा नाही, भुकेचा आहे. आणि भूक खरी असते.

आता नकलेकडे वळू. बनावट आमिषाचा एक फार जुना उल्लेख एलियन या लेखकाचा, इ.स. २००च्या सुमाराचा आहे. मॅसिडोनियातील एका नदीवरचे कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, तिला कोंबड्याची दोन पिसे बांधतात आणि पाण्यावरच्या माशीचे सोंग उभे करतात, असे तो लिहितो. कारणही देतो. खरी माशी हातात धरली की तिचा रंग उडतो, पंख कोमेजतात आणि ती गळाच्या कामाची राहत नाही. नक्कल जन्माला आली ती खरी वस्तू हाताळताच नासते म्हणून. कलेच्या उगमाविषयी सांगितलेल्या अनेक भारदस्त कारणांपेक्षा हे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

पुढे इंग्लंडात ही नक्कल सभ्यतेची खूण बनली. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली निघाले. त्यात किडे, अळ्या, जिवंत बेडूक सगळे आहे. बनावट माशीचे सविस्तर शास्त्र मात्र चार्ल्स कॉटनने १६७६च्या आवृत्तीत जोडले. पाइक या हिंस्र माशासाठी बेडूक गळाला कसा अडकवावा हे सांगताना, त्याला मायेने हाताळावे, असा सल्ला वॉल्टन देतो. पकडणाऱ्याच्या या मायेची चीड बायरनला आली. 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात (१८२३) त्याने वॉल्टनला क्रूर ठरवले, आणि त्याच्याच घशात गळ असावा नि ओढायला एखादा छोटा मासा असावा, अशी इच्छा प्रकट केली. बायरनने जागा नेमकी निवडली होती. ओठ नव्हे, घसा. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

बेडकाची कथा अमेरिकेत पुढे सरकली. तेथील बास नावाचा मासा दबा धरून बसणारा आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालणारा. मिशिगन राज्यातील जेम्स हेडन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या माशासाठी लाकडाचे बेडूक कोरले, आणि त्यातून बनावट आमिषांचा मोठा कारखाना उभा राहिला. लाकूड, रबर, प्लास्टिक. दरम्यान हिंदुस्थानात साहेब आपापल्या पेट्या घेऊन नद्यांवर पोचले होते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८७३ साली मंगळूर येथे मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' छापले गेले. महाशीर माशाला धातूचा चकाकता चमचा दाखवावा, बनावट माशी दाखवावी की खरा छोटा मासा लावावा, याचा त्यात सविस्तर ऊहापोह आहे. १८८७ साली त्यांनी तलावांतल्या मासेमारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. साहेबाला मासा खायला मिळाला नाही तरी चालत होते. कसा मिळाला, हे महत्त्वाचे होते. राजाचा विनोद आता अधिकाऱ्याचा झाला होता.

यवतमाळच्या तळ्यानाल्यांत बास नाही, पण त्याचा स्वभाव असलेला मरळ आहे. चिखलाळ, उथळ पाण्यात गवताच्या आडोशाने तो निश्चल राहतो, मधूनच पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की झेपावतो. पिले लहान असताना तो त्यांच्या थव्याची राखण करतो, आणि त्या दिवसांत जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो. म्हणजे मरळ गळाला दोन कारणांनी लागतो, भुकेने आणि क्रोधाने. जिवंत बेडूक हे मरळासाठी भारतात ठिकठिकाणी वापरले जाणारे जुने आमिष, तर हौशी लोकांच्या पेटीत आता रबरी बेडूक असतो. रबरी बेडकाला वास नाही, चव नाही. तो क्रोधाला पुरतो, भुकेला नेहमी पुरत नाही. पाणी गढूळ असले, थंडी असली किंवा एकाच तळ्यावर रोज माणसे येऊ लागली की मासा त्याच्याकडे पाठ फिरवतो. मग हौशी माणूसही शेजारच्या डबक्यात बेडूक शोधू लागतो.

मासा पाठ का फिरवतो, याचे एक उत्तर नेदरलँड्समधील जीवशास्त्रज्ञ बॉयकेमा यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. बंदिस्त तळ्यातल्या पाइक माशांना त्यांनी बनावट चकत्यांनी आणि जिवंत आमिषाने पकडून पाहिले. बनावट चकतीने एकदा पकडून सोडलेला मासा पुन्हा त्या चकतीला क्वचितच लागला. जिवंत आमिषाबाबत मात्र असे शहाणपण त्याला आलेले दिसले नाही. या निष्कर्षाचा अर्थ शांतपणे लावला पाहिजे. खोट्यावर अविश्वास ठेवायला मासा एका अनुभवातून शिकतो. खऱ्यावर अविश्वास ठेवायला तो शिकू शकत नाही, कारण ते शिकला तर उपाशी मरेल. एकनाथांच्या टीकेतला मासा येथे प्रयोगशाळेच्या भाषेत पुन्हा भेटतो.

या बदलाची किंमत असते आणि ती मासा मोजतो. बनावट आमिष तोंडात येताच त्याचा कठीण, बेचव स्पर्श माशाला कळतो आणि तो ते थुंकू पाहतो. म्हणून गळ बहुधा ओठात किंवा जबड्यात रुततो. जिवंत आमिष तो गिळतो, आणि गळ घशात किंवा पोटात जातो. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडून देण्याचा प्रघात आज हौशी मासेमारीत रुजला आहे, आणि अशा सोडलेल्या माशांपैकी खोल गळ लागलेले मासे मरण्याचे प्रमाण पुष्कळच जास्त असते. बायरनने ज्या घशाकडे बोट दाखवले होते तो हाच. खोटे आमिष ओठात रुतते, खरे पोटात. ढीवराला हा प्रश्न पडत नाही. त्याला मासा सोडायचा नसतो. ज्याला सोडायचा आहे आणि तरीही मिळायलाच हवा आहे, त्याने जिवंत आमिष लावले की विनोद आणि गरज यांच्यामधली रेषा पुसली जाते, आणि तिच्यासोबत सोडण्याच्या औदार्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

या सगळ्या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा यवतमाळ जिल्ह्यातच, पाण्याबाहेर झाली. पांढरकवडा आणि राळेगाव या भागांत २०१६ पासून झालेल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका टी-१ या वाघिणीवर होता. प्राणिप्रेमी तिला 'अवनी' म्हणत. मेलेल्यांत शेतकरी होते, गुराखी होते. तिला बेशुद्ध करून पकडावे आणि ते न साधल्यास ठार मारावे, या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी नकार दिला. मग हत्ती आले, ड्रोन आले, शिकारी कुत्री आली, झाडाझाडांवर कॅमेरे लागले. बकऱ्या आणि घोडे आमिष म्हणून बांधले गेले. वाघीण हाती येईना. या मोहिमेत केल्विन क्लाइन कंपनीचे 'ऑब्सेशन फॉर मेन' हे अत्तरही वापरण्यात आले. ही कल्पना विक्षिप्त वाटली तरी निराधार नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्यांपुढे अनेक सुगंध ठेवून पाहिले होते, त्यांत हे अत्तर सर्वाधिक रेंगाळायला लावणारे ठरले. जवादी मांजराच्या ग्रंथीतून मिळणाऱ्या कस्तुरीसारख्या द्रव्याची कृत्रिम नक्कल त्यात असते. एलियनच्या तांबड्या लोकरीचा हा एकविसाव्या शतकातला वंशज.

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटी गावाच्या परिसरात वाघीण गोळी लागून मेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. तिला ज्या पद्धतीने मारले गेले तिच्यावर पुढे बराच वाद झाला आणि चौकशीही झाली. तो वाद येथे पुन्हा उकरायचा नाही. त्या वेळच्या बातम्यांत एक तपशील होता, तेवढाच नोंदवायचा आहे. त्या परिसरात अत्तर शिंपडले होते आणि त्याच्यासोबत दुसऱ्या एका वाघिणीचे मूत्रही. अत्तर ही नक्कल, मूत्र ही खरी खूण. दोहोंपैकी कशाने तिला ओढले हे सांगता येणार नाही. पण आपल्या हद्दीत परकी वाघीण आल्याची खूण मिळाल्यावर ती न तपासणे हे बछडे असलेल्या वाघिणीला परवडणारे नसते, एवढे खरे. पिलांची राखण करणारा मरळ जसा भुकेवाचूनही धावून जातो, तसेच हे.

आणि तरीही या घटनेकडे केवळ वाघिणीच्या बाजूने पाहणे म्हणजे राजाच्या गच्चीवरून तळ्याकडे पाहणे होय. ज्या शेतांत कापूस वेचायला जाण्याची लोकांना भीती वाटत होती, त्या शेतांत जाणे त्यांना टाळता येत नव्हते. त्यांनाही तेथे ओढणारी गोष्ट खरीच होती. शेत खरे होते, मजुरी खरी होती, गुरांचा चारा खरा होता. ज्यांची भूक खरी, त्यांना सावधगिरी शिकवून भागत नाही, हे त्या दोन वर्षांत या जिल्ह्याने अनुभवले. त्यांना विनोदाची मुभा नव्हती. 'शाकुंतला'तल्या धीवरालाही नव्हती.

म्हणून 'खोटे आमिष' या शब्दप्रयोगाची आपण थोडी चिकित्सा करावी. त्यात बळी पडणाऱ्याला नकळत भाबडे ठरवले जाते. खोटे ओळखता आले असते, तो शहाणा असता तर फसला नसता, असा त्याचा गर्भितार्थ. बनावट आमिषाबाबत हे खरेही असेल. पाइक मासासुद्धा एकदा फसून शहाणा होतो. पण खोल रुतणारे गळ वेगळे. सावकाराने हातावर ठेवलेले पैसे खोटे नसतात, पेरणीच्या तोंडावर उधार मिळालेले बियाणे खोटे नसते. ज्याला त्यांची गरज आहे त्याला त्यांच्यावर अविश्वास ठेवायचे शिक्षण कोणी देऊ शकत नाही. शब्दाच्या मुळाशी मांस आहे, नक्कल नाही, हे लक्षात ठेवले तर आमिषाला बळी पडलेल्या माणसाविषयी लिहिताना आपली वाक्ये थोडी वेगळी होतील. निदान त्याच्या शहाणपणाची चौकशी करण्याआधी आपण गळ कोणाच्या हातात होता, हे विचारू.